लाल बटणाची भुतं

आमच्या व्हॅनच्या मागे भूत लागलंय, हे चौदा पोरांत सगळ्यात आधी मी ओळखलं आणि त्याचा मला केवढा तोरा होता! वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला तसंही वाटायला लागलं होतं की जगातलं निदान अर्धं तरी आपल्याला कळतं. उरलेल्या अर्ध्यात भूत मोडत असेल तर तेही कळून घेऊ, त्यात काय!

व्हॅन शाळेची, चालवणारे माझे बाबा. तेवीस वर्षं तेच काम. पोरं त्यांना नुसतं काका म्हणतात, आणि मी, त्यांची स्वतःची मुलगी, मागच्या बाकड्यावर दप्तरांच्या ढिगात बसून सगळ्यांवर दादागिरी करते. व्हॅनच्या ड्रायव्हरकडच्या मागच्या सगळ्या काचांवर शाळेचं भलंमोठं स्टिकर चिकटवलेलं आहे. आतून त्यातून उजेड येतो, बाकी काही दिसत नाही. त्या बाजूने हत्ती चालत गेला तरी आम्हाला पत्ता लागायचा नाही. दार आणि उघडणाऱ्या खिडक्या दुसऱ्या अंगाला.

तर या व्हॅनमध्ये दोन महिन्यांपूर्वी सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे एक यंत्र. एक कॅमेरा मागच्या काचेवर, एक ड्रायव्हरकडच्या आरशाखाली आणि स्टिअरिंगच्या शेजारी साबणाच्या वडीएवढी डबी. मागून एखादी गाडी आम्हाला ओव्हरटेक करायला निघाली की ती कॅमेऱ्याला दिसते, डबीवरचा दिवा केशरी होतो आणि डबी ओरडते, टिंव टिंव. नाव बाबांनी ठेवलं. "सतत मागून टोमणे," ते म्हणाले, "दुसरं काय म्हणणार?" डबीला पडदा नाही, कारण ड्रायव्हरने रस्ता सोडून सिनेमा बघत बसू नये. फक्त दोन बटणं. हिरवं म्हणजे गाडी होती, लाल म्हणजे नव्हती. यंत्र अजून शिकाऊ होतं. बाबा धरून अकरा ड्रायव्हर अकरा गाड्यांमधून त्याला या बटणांनी शिकवत होते.

शाळेच्या वाटेवर एका कारखान्याची लांबलचक भिंत लागते. तिथे रस्ता रुंद होतो, आणि तिथे सासूबाई हमखास बोलायच्या. टिंव टिंव. बाबा आरशात बघायचे, उगाच नजर टाकायची म्हणून नाही, चांगलं निरखून.

"काही नाही. रस्ता रिकामा."

आणि लाल बटण. टक्.

"भूत! भूत!" पहिलीतली चिमणी किंचाळायची आणि मग सगळी व्हॅन.

मग दोनेक सेकंदांनी पुढे कुठलीतरी गाडी दिसायची आणि बाबा म्हणायचे, "आता हा कुठून उपटला?" हे तर सगळेच ड्रायव्हर म्हणतात. माझी आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, ती रांगेतल्या माणसांबद्दलही हेच म्हणते. त्यामुळे त्या वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही, आणि मी म्हणे पहिली आलेली.

मी पोरांना भूत रीतसर समजावून सांगितलं. "त्याची शाळा चुकलेली असते. म्हणून ते रोज आपल्याला ओव्हरटेक करायला येतं, आणि करत नाही."

"का नाही करत?" चिमणीने विचारलं.

"पुढे गेलं तर त्याला आपण दिसणार नाही ना. त्याला आपल्या शेजारी शेजारी चालायचं असतं."

मी आपलं तोंडाला येईल ते बोलत होते. पण बोलून झाल्यावर माझ्याच अंगावर काटा आला, आणि स्टिकरवाल्या काचेला टेकलेला खांदा मी हळूच काढून घेतला.

शाळा सुटली की आई येईपर्यंत मी मावशीच्या ऑफिसात बसते. टायरच्या दुकानावरचा मजला, सहा टेबलं, सहा बायका आणि कायमचा रबराचा वास. या सगळ्या चौकटी काढतात. अकरा गाड्यांच्या कॅमेऱ्यांमधून दहा दहा सेकंदांचे तुकडे येतात, आणि प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक गाडीभोवती या बायका माऊसने चौकट ओढतात. ही मोटार, हा ट्रक, ही दुचाकी. ही ओव्हरटेक करतेय, ही नुसतीच मागे येतेय. अशा हजारो चौकटी खाऊन यंत्र शहाणं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी नवा धडा सगळ्या गाड्यांतल्या डब्यांमध्ये उतरतो, त्याला त्या शिकवणी म्हणतात. मावशी त्या सगळ्यांची मुकादम.

मलाही येते हं चौकट. चाकं रस्त्याला टेकतात तिथे खालची रेघ, आरसे आत धरायचे, सावली बाहेर ठेवायची. मावशी म्हणते माझा हात तिच्याहून सफाईदार आहे. (ती हे फक्त माझ्यासमोर म्हणते.)

पण या टेबलांवर फक्त हिरव्या बटणाचे तुकडे येतात. लाल बटणाचे एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि त्या फोल्डरचं नाव आहे ‘भुतं’. या धंद्यात यंत्राला नसलेली गाडी दिसली की तिला भूतच म्हणतात, हे ऐकल्यावर मी खुर्चीतून उडालेच होते. ही भुतं कुणी उघडून बघत नाही. मावशी शुक्रवारी दुपारी सगळी एकदम निवडते आणि त्यांच्यावर एकच शिक्का मारते, ‘काही नाही’. पूर्वी बघायच्या, पण मग सावली आहे की गाडी आहे यावर सहा जणींची सहा मतं आणि चहा गार होईपर्यंत वाद. शेवटी नियमच झाला. स्टिअरिंग ज्याच्या हातात, शब्द त्याचा. तो तिथे होता, आपण नव्हतो.

त्या गुरुवारी मी मावशीच्या खुर्चीमागे जाऊन जाहीर केलं, "मावशी, आमच्या व्हॅनला भूत लागलंय."

"तू असताना दुसरं कशाला लागेल?"

"अगं खरंच! सासूबाई रोज ओरडायच्या, बाबा रोज म्हणायचे काही नाही. हल्ली जरा कमी झालंय."

"दाखव बरं तुझं भूत." तिने यादी उघडली. अकरा गाड्या, आणि प्रत्येकीने दोन महिन्यांत किती वेळा लाल बटण दाबलं ते. तीन. पाच. दोन. चार. सात नंबरची व्हॅन, म्हणजे आमची, एकशे बारा.

मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "अगो बाई. भावजींच्या कॅमेऱ्यावर कोळ्याने संसार थाटला की काय! पण हे बघ, उतरतंय. पहिल्या आठवड्यात एकोणतीस, मग चोवीस, मग एकोणीस... मागच्या आठवड्यात चारच. शिकतंय गं बाळ."

तेवढ्यात खालच्या टायरवाल्याने पुन्हा जिन्यात टायर रचल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं आणि मावशी पदर खोचून भांडायला खाली उतरली. ती भांडायला गेली की पंधरा मिनिटं निवांत मिळतात.

मी तिच्या खुर्चीत बसले, हेडफोन चढवला आणि भुतं उघडली.

पहिला तुकडा. गाडी क्रमांक सात, सकाळी सात बेचाळीस. आरशाखालचा कॅमेरा. एका कडेला आमच्या व्हॅनचा पत्रा, बाकी सगळा रस्ता. मी पडद्याला नाक लावलं. कसं असेल ते? पांढरट? धुरासारखं? पाय नसलेलं?

बस होती.

लाल, धुळीने माखलेली, चांगली लांबरुंद बस. खिडकीशी बसलेली एक बाई तोंडात पिन धरून केस बांधत होती. चाकाचे नट मोजता आले असते इतकी खरी. यंत्राने तिच्याभोवती केशरी चौकट काढली होती आणि वर आकडा टाकला होता, सत्त्याण्णव. म्हणजे मला शंभरात सत्त्याण्णव खात्री आहे. टिंव टिंव. आणि मग हेडफोनमध्ये बाबांचा आवाज, नेहमीचा, मऊ.

"काही नाही. रस्ता रिकामा."

टक्.

मागे कुणीतरी खदाखदा हसत होतं. तो आवाज कुणाचा ते कळायला मला जरा वेळ लागला. माझाच होता.

चुकून लागलं असेल बोट, असं म्हणून मी दुसरा तुकडा उघडला. पांढरी मोटार. तिसऱ्यात दुधाचा टँकर. मग पुढे मागे दोन मोटरसायकली. मग एक टेम्पो, वर उलट्या बांधलेल्या खुर्च्या, त्यांचे पाय आकाशाकडे. प्रत्येकीभोवती नीट चौकट, आणि प्रत्येक वेळी बाबा, न चिडता, न गोंधळता. रिकामा. काही नाही गं बाई. रिकामा. एका तुकड्यात व्हॅन हळूहळू टँकरच्या दिशेने सरकायला लागते. टँकरचा भोंगा इतका जवळ वाजतो की मी हेडफोन ओढून काढला. परत लावला तोवर व्हॅन सरळ झाली होती आणि बाबा म्हणत होते, "आता हा कुठून उपटला?"

मग मला आकडे दिसले.

ती लाल बस रोजचीच होती. तीच वेळ, तीच भिंत. पहिल्या आठवड्यात सत्त्याण्णव. एका शिकवणीनंतर नव्वद. मग एक्क्याऐंशी. मग एकोणसत्तर. बस होती तेवढीच मोठी, ऊन होतं तेवढंच, यंत्राची खात्री मात्र उतरत चालली होती. एखाद्या लहान पोराला रोज बजावलं, तू पाहिलंस ते नव्हतंच, नव्हतंच, की ते कसं आधी ठामपणे सांगतं, मग अडखळत सांगतं, मग नुसतं बघत राहतं, तसं. शेवटच्या तुकड्यात बसच्या डोक्यावर आकडा होता त्रेचाळीस. चाळीसच्या खाली यंत्र ओरडत नाही. आणि ओरडलं नाही तर तुकडाही साठवत नाही.

मागच्या आठवड्यात चारच, असं मावशी कौतुकाने म्हणाली होती. उरलेल्या गाड्या कुठे गेल्या होत्या? कुठेच नाही. त्या व्हॅनच्या शेजारून तशाच जात होत्या. आता त्या बाबांनाही दिसत नव्हत्या आणि सासूबाईंनाही.

"तुला हजारदा सांगितलंय, ते फोल्डर..." मावशी वर आली ती बोलतच. मी हेडफोन तिच्या हातात दिला. पहिले तीन तुकडे तिने उभ्याने पाहिले. चौथ्याला ती बाजूच्या स्टुलावर बसली.

"भावजी थट्टा करत असतील," ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली.

"मावशी, शिकवणी तर सगळ्या गाड्यांना एकच जाते ना?"

"एकच. अकराच्या अकरा." तिने पडद्यावरची बस बोटाने झाकली, परत उघडी केली. "उद्याची मी थांबवते. आणि या दोन महिन्यांतले धडे मागे घ्यायला लावते. पण त्यासाठी कारण लिहून द्यावं लागेल, आणि कारण म्हणजे तुझे बाबा. त्यांना ते कागदावरून कळण्याआधी घरच्या माणसाकडून कळायला हवं. मी येते संध्याकाळी."

"नको. मी सांगते. बोलण्यात पहिली कोण आलीय?"

"आजच सांगायचं बरं का. उद्या सकाळी ती व्हॅन निघता कामा नये."

"हो गं."

आईची वाट न बघता मी एकटीच घरी निघाले आणि वाटेत वाक्य पाठ केलं. बाबा, मला तुमच्याशी एका गंभीर विषयावर बोलायचं आहे. आवाज खालच्या पट्टीत, ‘गंभीर’वर थोडा जोर.

घरी पोचले तेव्हा ते स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून कांदा चिरत होते. मी चपला काढून आत गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. उजव्या हाताला, व्हॅनमध्ये त्यांची खिडकी असते त्या अंगाला. हातभर अंतरावर. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"बाईसाहेब! आलीस का गं?"

बाईसाहेब म्हणजे मी. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी गप्प राहिले, म्हटलं बघू किती वेळ ताणतात. त्यांनी सुरी थांबवली, कान देऊन ऐकलं, आणि स्वतःशीच म्हणाले, "दार वाजल्यासारखं वाटलं." मग गुणगुणत पुन्हा चिरायला लागले.

मी हात वर केला. त्यांच्या कानाच्या रेषेत धरून बोटं हलवली. मग तोच हात पुढे नेला, गालापाशी, नाकाच्या जवळपास. काही नाही. सुरी त्याच लयीत चालू. एकदा त्यांनी मान तिरकी करून खिडकीकडे पाहिलं, मिठाची बरणी कुठे आहे बघायला, तेव्हा त्यांची नजर माझ्या खांद्याजवळ येऊन अशी परतली जशी रिकाम्या भिंतीवरून परतते.

आमच्या सायन्सच्या मॅडमनी एकदा वहीवर एक फुली आणि बाजूला एक ठिपका काढायला लावला होता. एक डोळा झाकून फुलीकडे बघायचं आणि वही जवळ आणायची. एका जागी ठिपका गायब होतो. आणि तिथे भोक दिसत नाही, चक्क कोरा कागद दिसतो, कारण मेंदू आजूबाजूचं बघून तेवढी जागा आपल्या मनाने भरून काढतो. तेव्हा सगळा वर्ग ‘ऑ’ करून ओरडला होता. वहीवरच्या ठिपक्याला काय वाटत असेल, हे कुणी विचारलं नव्हतं. बाबांना माझ्या जागी स्वयंपाकघर दिसत होतं. फडताळ, टांगलेली गाळणी, सगळं जिथल्या तिथे, माझ्याशिवाय.

ते चिरलेला कांदा ताटलीत काढायला वळले आणि दचकले. "अगं! केव्हाची उभी आहेस अशी?"

"आत्ताच आले," मी म्हटलं.

"घाबरवलंस की. बस, भूक लागली असेल." आणि मग ते सांगायला लागले की दोन वर्षांनी त्यांना व्हॅनवर पंचवीस वर्षं होतील, तेव्हा जुन्या पोरांना बोलवायचं, त्यातल्या एकीचं आता स्वतःचं पोर व्हॅनमध्ये बसतंय. सांगताना त्यांचे हात हवेत स्टिअरिंग धरल्यासारखे फिरत होते. मी पाठ केलेलं वाक्य बाजूला ठेवलं आणि ताटं मांडायला घेतली. मावशीचा फोन आला, "सांगितलंस?" मी म्हटलं, "हो."

एवढं सफाईदार खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

सकाळी मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. "आज बाईसाहेब पुढे? मग मागचं राज्य कुणाकडे?" बाबा म्हणाले. ठरवलं होतं, पहिलं पोर चढायच्या आत सांगायचं. पहिलं चढलं. मग ठरवलं, चिमणीच्या आधी. चिमणीही चढली, वर मला म्हणाली, "ताई, आज भूत पुढून बघणार?" मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसलेली. दर थांब्याला मनात म्हणायची, पुढच्या थांब्याला नक्की. करता करता चौदा झाली.

भिंत आली. रस्ता रुंद झाला. पुढे कडेला मालाची एक गाडी दिवे मिचकावत उभी होती, तिला वळसा घालायचा तर बाहेरच्या अंगाला निघावं लागणार होतं. बाबांनी इंडिकेटर दिला आणि आरशात पाहिलं, निरखून. डबीचा दिवा काळा. सासूबाई गप्प.

मी बाबांच्या पलीकडे पाहिलं.

त्यांच्या खिडकीत खिडकीभर लाल होतं. बस आमच्या शेजारी, अगदी आमच्याच वेगाने चालली होती. पुढच्या चाकाच्या खाचेत वाळलेला चिखल मला दिसत होता. खिडकीतली बाई तोंडात पिन धरून केस बांधत होती आणि तिने खाली पाहिलं तेव्हा आमची नजरानजर झाली. बसचा लाल रंग बाबांच्या गालावर पडला होता, पापणीवर पडला होता. आणि ते निवांत होते.

"रिकामा," ते म्हणाले आणि स्टिअरिंग वळवायला लागले.

"बाबा थांबा!"

असा आवाज मी कुठल्याच व्यासपीठावर काढलेला नाही. त्यांनी ब्रेक मारला. दप्तरं धबाधबा पडली, कुणीतरी रडायला लागलं. बाजूने वारा आल्यासारखी बस गेली, इतकी जवळून की आमचा आरसा थरथरला, आणि आमच्या समोर आली.

"आता हा कुठून..." बाबा म्हणाले, आणि वाक्य तिथेच राहिलं.

त्यांनी व्हॅन मालाच्या गाडीच्या मागे कडेला घेतली. इंजिन बंद केलं. पोरं मोजली, रडणाऱ्याला गप्प केलं, मग परत येऊन आपल्या सीटवर बसले.

"यंत्र बोललं नाही," ते म्हणाले.

"बोलत होतं बाबा. तुम्ही त्याला गप्प केलंत. एकशे बारा वेळा."

मग मी सांगितलं. पाठ केलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. बस, टँकर, सत्त्याण्णवचे त्रेचाळीस, उलट्या खुर्च्या, सगळं उलटसुलट, मधे नाक ओढत. बाबा समोर बघत ऐकत होते.

"काल तू आधीपासून उभी होतीस?"

"हो."

"किती वेळ?"

"अर्धा कांदा."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी एक दिवस डोकं फार दुखलं होतं. संध्याकाळी राहिलं. मी कुणाला बोललो नाही. बाकीच्या गाड्यांचं काय?"

"मावशी आज शिकवणी थांबवतेय. जुने धडेही काढून घेणार आहेत."

"बरं." त्यांनी फोन काढला आणि शाळेच्या गाड्या बघणाऱ्या बाईंना लावला. "बाई, दुसरा ड्रायव्हर पाठवा. कारखान्याच्या भिंतीपाशी उभा आहे... नाही, व्हॅनला काही झालं नाही. व्हॅन चांगली आहे. मी चालवायचा नाही... आज नाही, आणि उद्याही नाही." किल्ली काढून त्यांनी माझ्या मुठीत दाबली आणि माझी मूठ वरून आपल्या हाताने मिटली.

ड्रायव्हर यायला वीस मिनिटं होती. रस्ता वाहत होता. बाबा म्हणाले, "मला एकदा कळू दे. मी समोर बघतो. माझ्या खिडकीशी गाडी आली की तू म्हण, आली. मला दिसली की मी म्हणेन, दिसली."

एक पांढरी मोटार खिडकीला लागली. "आली," मी म्हटलं.

एक. दोन.

"दिसली," बाबा म्हणाले. मोटार तोवर मालाच्या गाडीच्याही पुढे गेली होती.

पोरांना हा खेळ फार आवडला. सगळी पुढे सरकून सीटच्या पाठीला लोंबकळायला लागली. "आली!" एका सुरात चौदा आवाज. मग शांतता. मग बाबा, "दिसली." पुन्हा "आली!" पुन्हा ती शांतता. त्या शांततेत गाडी आमच्या डोळ्यांसमोर असायची आणि तरी मला वाटायचं, ती आत्ता कुठेच नाहीये.

"काका, किती उशीर लावता हो!" चिमणी म्हणाली. "ती कधीची आलीय!"

"मधे काय दिसतं बाबा?" मी हळू विचारलं. "काळं?"

"काळं असतं तर कळलं असतं गं." ते समोरच बघत होते. "रस्ता दिसतो. आता माहीत आहे तिथे गाडी आहे, तरी रस्ताच. स्वच्छ. त्याच्यावर ऊनसुद्धा आहे."

मागून एक मोटरसायकल आली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर निळं हेल्मेट. पोरांचे चेहरे बघून त्याला मजा वाटली असावी, त्याने वेग कमी केला आणि बाबांच्या खिडकीपाशी येऊन हात हलवला. बाबांपासून तो हात फार तर दोन फुटांवर असेल.

"आली!"

बाबांनी ओठ विलगले आणि थांबले.

मोटरसायकल पुढे आलीच नाही, तिथूनच रस्ता ओलांडून वळली, पलीकडच्या भिंतीतल्या फाटकातून आत गेली. पोरांच्या माना तिच्यामागे वळल्या. आतून कुणीतरी फाटक लावून घेतलं.

"काका," चिमणी त्यांचा खांदा हलवत म्हणाली, "म्हणा ना."

बाबा ऊन पडलेल्या रस्त्याकडे बघत तो शब्द तोंडात धरून बसले होते. ते अजून वाट बघत होते.